परततानाच येणारा आवाज

तिरुविसनल्लूरच्या रस्त्यावर तिसरी फेरी झाली, आणि तिसऱ्या फेरीतही गाडीने हूं की चूं केलं नाही.

मी चालवत होतो. शेजारी कुंभकोणमच्या एजंटच्या वर्कशॉपचे फोरमन नटराजन, घामाने निथळत. मागे गाडीच्या मालकीण डॉक्टर वेणूबाई, त्यांची आया मरगदम, आणि दोघींच्या मध्ये नटराजन यांची सासू. सासूबाईंचा गाडीशी काडीचा संबंध नव्हता. पण दोन परपुरुष एका बाईला घेऊन गावाबाहेर जाणार, तर सोबतीला वयस्कर बाईमाणूस हवं, हा तिथला रिवाज. आया नोकर, ती हिशेबात धरायची नाही. सासूबाई पानाचा डबा मांडीवर घेऊन ऐटीत बसल्या होत्या. तिन्ही फेऱ्यांचं खरं सुख त्यांनाच मिळालं.

"आवाज निल, सर," नटराजन म्हणाले. "नवी गाडी. सिल्कसारखी चालते."

मी आरशात पाहिलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होत्या. "आत्ता नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मला कळतंय ते."

ही पन्नासच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी मद्रासला मोटारीच्या एका डीलरकडे सर्व्हिस इन्स्पेक्टर होतो. बाहेरगावच्या एजंटांना जी तक्रार निस्तरत नसे, तिथे मला पाठवत. वेणूबाईंची तीन पत्रं आली होती. गाडी नवी, सहा महिनेही झाले नव्हते. मागच्या ॲक्सलमधून आवाज येतो, पहिल्या दोन पत्रांत एवढंच. एजंटकडची माणसं दोनदा तपासून गेली, त्यांना काही ऐकू आलं नाही.

आमच्या मॅनेजरने फाइल माझ्यापुढे सरकवली.

"लेडी डॉक्टर. एकटी राहते. डिफरन्शियल बदलून मागेल उद्या. जा, नीट ऐकल्यासारखं कर, 'नो डिफेक्ट' लिही, फाइल बंद."

"आणि डिफेक्ट असला तर?"

"नाहीये," तो म्हणाला.

आता डिफरन्शियल म्हणजे काय ते सांगतो. त्या काळच्या गाड्यांत इंजिन पुढे, ओढणारी चाकं मागे. मधून गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा फिरत जातो, तो प्रोपेलर शाफ्ट. मागच्या ॲक्सलच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो, तो डिफरन्शियल. दांड्याच्या टोकाला असतं ते लहान दातेरी चाक, पिनियन. ते आतल्या मोठ्या चाकाला, क्राउनला, फिरवतं. दातांची बैठक चुकली, बेअरिंग ढिलं असलं, तेल भलतंच भरलं, की मागून गुणगुण सुरू होते. आम्ही तिला व्हाइन म्हणतो. भजनात श्रुतिपेटी धरतात तसा एकसुरी आवाज, वेगाबरोबर चढणारा.

तिसऱ्या पत्रात डॉक्टरांनी आवाजाचं वर्णन अगदी असंच केलं होतं. ताशी पस्तीस मैलांना सुरू होतो, चाळीसला स्पष्ट, पंचेचाळीसला जातो. ज्याला आवाजातलं काही कळत नाही तो इतकं नेमकं सांगू शकत नाही. म्हणून मी मॅनेजरचं ऐकलं नाही आणि गाडी वर्कशॉपला घेतली.

पहिला दिवस त्यातच गेला. तेल काढून पाहिलं. बरोबर प्रतीचं, बरोबर मापाचं. मग गोळा उघडला. दातांची बैठक पाहायची आमची रीत सोपी आहे. शेंदूर तेलात कालवायचा, क्राउनच्या दातांना लावायचा आणि चाक हाताने फिरवायचं. पिनियन जिथे टेकतं तिथला शेंदूर पुसला जातो. डाग दाताच्या मध्यावर आला की बैठक ठीक. इथे डाग पुस्तकातल्या चित्रासारखा आला. बेअरिंगही घट्ट. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, आमच्या हाती उंदीरही लागला नाही.

"सर, जाऊ द्या," नटराजन म्हणाले. आम्ही इंग्रजीतच बोलायचो, माझं तमिळ म्हणजे हॉटेलात भात मागण्यापुरतं. "मोठी बाई आहे. अर्ध्या गावाला तिनेच जगात आणलंय. पण वय झालं. कान वाजतात. गावात सगळ्यांना माहीत आहे."

"गावाला कोणी सांगितलं?"

नटराजन खाली बघून हात पुसायला लागले. वाईट माणूस नव्हता. आपल्या वर्कशॉपवर बालंट नको, एवढंच त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. दवाखाना पुढे, घर मागे. तपासणीच्या फॉर्मवर त्यांनी माझं नाव आणि गाव वाचलं आणि त्या एकदम थांबल्या.

"सातारेंतले तुम्ही? म्हणजे राजांच्या गांवचे!"

मराठी! मी उभाच राहिलो. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर दक्षिणेत उतरलेले. घरची भाषा मराठी, पण दोन-अडीचशे वर्षं महाराष्ट्रापासून तुटलेली, मध्येमध्ये तमिळ शब्द शिरलेली. जुन्या कागदपत्रांतलं माणूस उठून बोलायला लागावं तसं मला वाटलं.

"आमचें बोलणें ऐकून हांसूं येतें की वो?"

"नाही हो," मी म्हणालो. हसू येत नव्हतंच. मद्रासला मी लॉजच्या खोलीत तीन वर्षं राहत होतो. लग्न झालेलं नव्हतं, आईवडील गेलेले. मराठी मी फक्त बहिणीला पत्र लिहिताना वापरत असे. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोललं होतं. तोटा केवढा होता ते त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

त्यांनी कॉफी आणून ठेवली. "अम्मा होती तोंवर घरांत बोलणें होतें. ती जाऊन दोन वरषें जालीं. आतां कोणासीं बोलूं?"

"गावात मराठी घरं आहेत ना?"

"अस्कीं आहेत." अस्कीं म्हणजे सगळी. "कळा लागल्या कीं बोलावतात. बारशास बोलावत नाहींत." त्या सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या. "बाराव्या वरषीं नवरा गेला माझा. त्याचें तोंडही नीट आठवत नाहीं. पण शुभकार्यांत मी चालत नाहीं."

मी तक्रारीचा विषय काढला.

त्यांनी कपाटातून एक लाकडी नळी काढली. एका बाजूला पसरट, लहान कर्ण्यासारखी. गरोदर बाईच्या पोटावर ती टेकवायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावून बाळाच्या काळजाचे ठोके मोजायचे. ठोके मंदावले तर मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो.

"माझें अस्कें काम हे कान करतात. नसतेलें सत्तम ऐकूं येत असेल," सत्तम म्हणजे आवाज, "तर असतेलें चुकत नसेल कशावरून? तंजावरास जाऊन कान दाखविले. तेथचे डॉक्टर म्हणाले, कान बरे आहेत, एकटें राहून मनास श्रम जाले. म्हणजे कान नव्हें, डोकें." त्यांनी नळी मांडीवर ठेवली. "तीन घरांनीं दुसरी डॉक्टर धरली. त्यांचें चुकलें म्हणवत नाहीं. उद्यां तुम्हींही सत्तम नाहीं म्हणोन लिहिलें, तर मी बाळंतपणें सोडीन. एखादें लेंकरूं माझ्या कानांपायीं जायास नको."

आवाजात रडगाणं नव्हतं. एखाद्या पेशंटबद्दल सांगावं तसं सांगत होत्या. मी कॉफी खाली ठेवली.

"मी ऐकलेलं नाही ते लिहू शकत नाही," मी म्हणालो.

"लिहूं नकाच. खोटें सर्टिफिकेट काय कामाचें?"

"आवाज नक्की कधी येतो? नीट आठवा."

त्यांनी विचार केला. "जातांना नसतो. परततांना हमखास."

मला हायसं वाटलं. या उत्तराचा अर्थ आमच्या धंद्यात ठरलेला आहे. बरंच अंतर गेलं की तेल तापून पातळ होतं आणि दात बोलू लागतात. म्हणजे गाडी तापवूनच ऐकायला हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना गोळा करून गोविंदपुरमपर्यंत वीस मैलांच्या फेऱ्या मारल्या, मग तिरुविसनल्लूरच्या त्या तीन. गोळ्याला हात लावला तर चटका बसत होता. सासूबाईंनी गोविंदपुरमला स्वामींच्या समाधीचं दर्शनही उरकलं. आवाज नाही.

परत आल्यावर डॉक्टर गाडीतून उतरल्या. मला नमस्कार केला, "तुम्हीं कष्ट केले वो," म्हणाल्या, आणि आत गेल्या. दार लावलं नाही, ढकलून घेतलं. माझ्या नोकरीत ग्राहकांनी मला शिव्या दिल्या आहेत, एकाने पाना फेकून मारला आहे. पण त्या नमस्काराइतकं मला काहीच लागलं नाही.

माझी मद्रासची आगगाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. रिपोर्ट लिहिला. 'नो डिफेक्ट'. सही तेवढी केली नाही. फेऱ्यांनंतर मोटार धुवायला वर्कशॉपला नेली होती, ती सकाळी डॉक्टरांकडे पोहोचवायची होती. नटराजनकडचं माणूस बरोबर येणार होतं, ते आलं नाही. मी एकटाच निघालो, आणि उगीचच, सही पुढे ढकलायची म्हणून, गाडी उत्तरेला चोळपुरमच्या रस्त्याला घातली.

गाव मागे पडलं. तीस मैल. पस्तीस. आणि मागून, अगदी बारीक, श्रुतिपेटी सुरू झाली.

मी श्वास धरला. चाळीसला स्पष्ट. पंचेचाळीसला गेला. वेग उतरवला, पुन्हा आला. अगदी बाईंनी सांगितला तसा, मैलाचाही फरक नाही. मी चालत्या गाडीत एकटाच ओरडलो, "आहे! आहे!" रस्त्याकडेला बैल हाकणाऱ्या माणसाने माझ्याकडे वळून पाहिलं.

तडक वर्कशॉपला गेलो. "चला, ऐका!" नटराजन पुढे बसले, दोन मेकॅनिक मागे. त्याच रस्त्याला गेलो. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस.

चकार शब्द नाही.

"आत्ता होता," मी म्हणालो.

"हो सर," नटराजन हळूच म्हणाले. मागच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ऊन फार आहे, सर. लिंबूपाणी घेऊ या?"

ती नजर मी ओळखली. दोन दिवस मीही डॉक्टरांकडे जवळजवळ तशीच बघत होतो. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, तसं ते मला तेव्हा कळलं. आवाज खरा होता, मी माझ्या कानांनी ऐकला होता, आणि जगात कुणालाही तो ऐकवता येत नव्हता. दहा मिनिटांत मला माझीच शंका यायला लागली. बाई पाच महिने हे सोसत होत्या.

गाडी बाजूला घेतली आणि विचार केला. रस्ता तोच, वेग तोच, तेल तसंच. बदललं काय? माणसं.

मागच्या दोघांना उतरवलं. पुढे जाऊन परत आलो. आवाज पुसट. नटराजननाही उतरायला सांगितलं.

"मग मी ऐकणार कसा?"

"तुम्ही चालवा. एकटे. मी इथे उभा राहतो."

ते गेले. आम्ही तिघे झाडाखाली थांबलो. परत आले ते गाडीतच बसून राहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"आहे, सर," ते म्हणाले.

मग उलगडा झाला. बाळंतपणाला जाताना डॉक्टरांच्या गाडीत आया असे आणि बोलवायला आलेली घरची दोघं-तिघं. बाळंतीण मोकळी झाली की आया रात्रभर तिथेच राही आणि डॉक्टर एकट्या गाडी हाकत परत येत. तेल तापण्याचा काही संबंधच नव्हता. आणि तपासणीच्या वेळी आम्ही सगळे मर्यादा पाळत गाडी भरून जात होतो. एकट्या बाईबरोबर एकट्या पुरुषाने जायचं नाही, आणि बाईची गाडी बाईशिवाय न्यायची तरी कशी? म्हणून प्रत्येक वेळी चार-पाच जण. आवाज ऐकायला गेलेल्या माणसांनीच तो दाबला होता.

आता कारण. गाडीखाली शिरलो आणि या वेळी जिथे बघायला हवं होतं तिथे बघितलं. मागचा ॲक्सल पाट्यांवर टांगलेला असतो. पाटा म्हणजे लवचिक लोखंडी पट्ट्यांची चळत. या गाडीला प्रत्येक बाजूला सहा पट्ट्या असतात. मी मोजल्या. सात. पहिल्या दिवशी मी त्याच्या बाजूलाच शेंदूर घेऊन बसलो होतो आणि मोजल्या नव्हत्या.

"ही सातवी कुणाची?"

"माझी, सर." नटराजन यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "प्रत्येक नव्या गाडीला घालतो. डिलिव्हरीच्या आधीच. आमच्याकडे गाडी म्हणजे आठ माणसं, वर भांडी. गोविंदपुरमला भजनाला जातात, लग्नाला जातात. सहा पट्ट्यांवर गाडी खाली टेकते. लोक दुवा देतात."

"मालकाला विचारता का, घरी माणसं किती?"

नटराजन यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "गाडी घेणाऱ्याच्या घरी माणसं नसतात का, सर?"

सात पट्ट्यांनी मागची बाजू उचलली जाई. चार-पाच माणसं बसली की ती दबून जवळजवळ जागेवर येई. एकटं माणूस बसलं की उचललेलीच राही आणि प्रोपेलर शाफ्ट तिरका धरला जाई. तिरका शाफ्ट एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा हिसका देतो. ते हिसके पिनियनला बसत आणि ठरावीक वेगाला ते गुणगुणू लागे. आणखी वर्ष-दीड वर्षात बेअरिंग गेलं असतं, आणि गाडी बंद पडली असती ती बाई परत येत असतानाच.

दोन्ही बाजूंच्या जादा पट्ट्या काढल्या. दुपारची माझी आगगाडी चुकली. मोटार डॉक्टरांच्या दारात नेली तेव्हा नटराजनही आले. सासूबाईंना आणलं नाही.

"डॉक्टर," मी म्हणालो, "आवाज होता. मी ऐकला, यांनीही ऐकला. तुमचे कान शाबूत आहेत. डोकंही."

त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. पदर तोंडाला लावला आणि रडल्या, मोठ्याने, लहान मुलीसारख्या. नटराजन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग वळले आणि हात जोडून तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, मी लोकांना चुकीचं सांगितलं. आता बरोबर सांगेन." माझ्या तुटपुंज्या तमिळलाही ते कळलं.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "कशानें होत होतें?"

हे सांगणं मला सर्वांत जड गेलं. "गाडीत एकटंच माणूस असलं तरच होत होतं. गाडी जास्त माणसांसाठी बांधली होती."

त्या हसल्या. "म्हणजे वण्डीसही कळलें होतें," त्या म्हणाल्या. वण्डी म्हणजे गाडी. मग किल्ली घेऊन एकट्याच गेल्या. आम्ही दारात उभे राहिलो. वीस मिनिटांनी आल्या. काच खाली केली.

"सत्तम नाहीं," त्या म्हणाल्या. "कांहींच नाहीं. अगदीं शांत." इंजिन बंद करून म्हणाल्या, "इतकी शांत, कीं कोणास तरी बसवावेंसें वाटतें."

मी रिकाम्या सीटकडे पाहिलं. बसावंसं मलाही वाटलं. पण नटराजन शेजारीच उभे होते, आणि तिथला रिवाज मला माहीत होता. नंतर डॉक्टरांचं एक पत्र आलं, मराठीत, मोडी अक्षरात. मला मोडी वाचता येत नव्हती. ती वाचणारा मद्रासला मला कोणी मिळाला नाही, आणि हे त्यांना कळवायला मला लाज वाटली. पुढे माझी बदली झाली. याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

मद्रासला मॅनेजरने रिपोर्ट वाचला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: गाडी एकच व्यक्ती वापरते.

"हा डिफेक्ट नाही," तो म्हणाला.

"नाही, सर."

"मग फाइल बंद?"

"बंद, सर."

त्यानंतर कुठलीही तक्रार आली की मी पहिला प्रश्न एकच विचारत आलो आहे: गाडीत रोज किती जण बसतात? बहुतेक लोक हसून लगेच आकडा सांगतात. काही जण उत्तर द्यायला जरा वेळ लावतात. त्यांच्या गाडीतून मी आधी एकटाच एक फेरी मारून येतो.